मानधन, मोबदला की पगार?

प्रश्न: माझी जाऊ आशा स्वयंसेविका आहे. तिच्या मुलीने शाळेच्या फॉर्मवर 'आईचा पगार' लिहिलं, तर बाईंनी खोडून 'मानधन' लिहायला लावलं. या शब्दांत फरक काय?

उत्तर: 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, मूळ अर्थ पैसे चुकते करणे. 'मोबदला' मूळचा अरबी, म्हणजे अदलाबदल. इतक्या बाळांचं लसीकरण, त्याचे इतके पैसे. तिथे तो चपखल बसतो. 'मानधन' मात्र व्याख्यानमालेतल्या वक्त्याला शाल-श्रीफळासोबत देतात. वक्ता एक संध्याकाळ येतो. आशाताई रोज दारोदार जातात.

संस्कृतात तर 'मानधन' ही रक्कमच नव्हे. भारवी या कवीच्या 'किरातार्जुनीय' या महाकाव्यात दुर्योधनाचे योद्धे 'मानधनाः' आहेत, म्हणजे मान हेच ज्यांचं धन. पण त्याला लागूनच 'धनार्चिताः' हा शब्द येतो: धन देऊन गौरवलेले. मानाने धनाचं काम भागतं असं भारवीने धरलं नाही.

दुसरं उत्तर: क्रियापदंही बघा. पगार 'होतो', मानधन 'देतात'. वेतनाला गोतावळा आहे: वेतनश्रेणी, वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, वेतन आयोग. 'स्वयंसेविका' म्हटलं की यातलं काहीच लागू होत नाही आणि फेरआढाव्याची तारीखही ठरत नाही. केंद्राने आशांची नियमित कामांची रक्कम २०१८ मध्ये १,००० वरून २,००० केली. ती ३,५०० करायचा निर्णय व्हायला २०२५ उजाडलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये संप झाला, आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारीत पुन्हा संप. दरमहा ५,००० ची वाढ मार्च २०२४ मध्ये कागदावर आली. मधल्या महिन्यांत वाण्याची उधारी कुणी थांबवली नव्हती.

अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच आहे. कायद्यालासुद्धा शब्दाच्या पलीकडे जाऊन काम बघावं लागलं.

प्रश्नकर्ती: म्हणजे मुलीचं चुकलं नव्हतं?

दुसरं उत्तर: शासनाच्या कागदावर 'मानधन' आहे, म्हणून बाईंनी तसं सांगितलं असेल. मराठी म्हणून मात्र मुलीचा शब्द बरोबर. महिनाभर काम करून घरात येणाऱ्या पैशाला आपण पगारच म्हणतो.

प्रश्नकर्ती: जाऊसुद्धा बँकेत जाऊन हेच विचारते, 'आमचा पगार जमा झाला का?'