सुहूर सन, आणे-पै आणि वाजिब-उल-अर्ज: गावचा जुना बस्ता कसा वाचायचा?

मोहफूल (साकोलीकडून):

नमस्कार मंडळी. गावच्या जुन्या मालगुजारी वाड्यातला एक बस्ता सोडला आहे. बरेचसे कागद बंदोबस्ताच्या (इंग्रजी काळातल्या जमीन मोजणी अन् सारा ठरवण्याच्या) मिसलीचे, म्हणजे फाइलीचे, छापील तक्ते अन् त्यात हातानं बाळबोध लिहिलेलं. एक चिठोरं मात्र पूर्ण मोडीत आहे. खालच्या गोष्टी अडल्या, कोणाले माहीत असन तर नीट उलगडून सांगा.

१. एका नावापुढं "हिस्सा ५ आणे ४ पै" आहे. एवढाच सारा (जमीन महसूल) होता काय?
२. सीर, खुदकास्त, मौरूसी, मालिक-मकबूजा हे कोण?
३. एका रकान्यात ७॥= असं आहे. हे ७११ आहे का?
४. जमिनीच्या वर्णनात कन्हार, मोरंड, सिहार.
५. क्षेत्र "२.२०" लिहिलं आहे. दोन एकर वीस गुंठे ना?
६. मोडी कागदावर तारीख "सु॥ सीत अशर मयातैन व अलफ". एकानं बेरीज करून १२१६ सांगितलं. मग हा कागद यादवांच्या काळातला म्हणायचा का?

दफ्तर:

मोहफूल भाऊ, शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण गफलत तिथंच मोठी आहे.

१२१६ ही बेरीज बरोबर आहे, पण तो इसवी सन नाही. "सु॥" म्हणजे सुहूर सन, मराठेशाहीच्या दफ्तरातला रोजचा सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि एकक आधी येतो: सीत ६, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १८१५-१६ चा निघतो. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ ला वारले, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचं हे शेवटचं वर्ष. हिशेब पडताळायचा असेल तर पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ ची लढाई "इहिदे सितैन मया व अलफ" सालात येते. मया म्हणजे १००, तेव्हा ते ११६१ होतात, त्यात ६०० मिळवले की १७६१.

बाकीचे शब्द जवळ लिहून ठेवा. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं अशरीन २०, सलासीन ३०, आर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. घोळ होतो तो सबा-सबैन आणि सीत-सितैन या जोड्यांत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळं शेवटचा "ऐन" पुढच्या शब्दाला चिकटतो आणि साठाचे सहा होतात. त्याच कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असला तर ताळा जमतो: दख्खनी फसली सुहूर सनापेक्षा ९ नं पुढं असतो. तुमच्या सालाला फसली १२२५ यायला हवा.

तारखेआधी "छ" दिसला तर तो "चंद्र" आहे. त्यापुढं मुसलमानी महिन्याची तिथी येते, जसं छ ५ रबिलावल. त्याला चैत्र-वैशाखाच्या तिथीत बसवू नका.

आता ७॥=. हे ७११ नाही, आकडा फक्त सात आहे. त्यापुढच्या उभ्या रेघा पावाच्या: एक उभी म्हणजे ४ आणे, दोन म्हणजे ८, तीन म्हणजे १२. आडव्या किंवा तिरक्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणून ७ रुपये + ८ आणे + २ आणे, एकूण ७ रुपये १० आणे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. नक्कल काढणारा घाईत असला की उभ्या रेघेचा "१" करतो आणि ७ रुपयांच्या लगानाचे (कुळानं द्यायच्या रकमेचे) सातशे होतात. असा अवाढव्य आकडा दिसला तर मूळ कागदच पहा, नकलेवर जाऊ नका.

कागद पुसू नका. जुनी काजळीची शाई ओल्या फडक्यानं निघून जाते. लॅमिनेशनही नको, चिकटपट्टीही नको. सपाट ठेवून उजेड एका बाजूनं तिरपा येईल असा फोटो काढा, पुसट रेघा त्यात उठून दिसतात.

पांदण:

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. ५ आणे ४ पै हा सारा नाही, गावातला वाटा आहे. अख्खं गाव म्हणजे १६ आणे. तिघं हिस्सेदार असले की प्रत्येकाला १६ भागिले ३, म्हणजे ५ आणे ४ पै. पुढच्या पिढीत त्यातल्या एकाचे दोन भाऊ वेगळे निघाले की ज्याच्या त्याच्या नावावर २ आणे ८ पै. म्हणून सगळ्या हिस्सेदारांची बेरीज करून पहा. १६ आणे भरत नसतील तर एखादं पान गहाळ आहे किंवा एखादं नाव वाचायचं राहिलं आहे. पानांची मोजणी करण्यापेक्षा हा ताळा पक्का.

हे सगळे हिस्सेदार मालगुजारच. पण सरकारात सारा भरायला त्यांच्यातला एक पुढं असायचा, तो लंबरदार. लंबरदार म्हणजे गावाचा एकटा मालक अशी समजूत असते, ती चूक.

भोसल्यांच्या काळी मालगुजार हा मुख्यतः वसुलीचा माणूस. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्याला गावाची मालकी दिली. तुमच्या कागदातले चारही शब्द त्यानंतरच्या व्यवस्थेचे आहेत:

सीर ही मालगुजाराची घरची शेती. ती दुसऱ्याला कसायला दिली तरी कसणाऱ्याचा हक्क चढत नसे. खुदकास्तही तो स्वतःच कसायचा, पण तिला सीरीचा दर्जा मिळालेला नसायचा. मौरूसी हे कूळ, वहिवाटीचा हक्क बापाकडून मुलाकडं जाणारं. मालिक-मकबूजा मात्र कूळ नव्हे, तो आपल्या तुकड्याचा मालक. सारा लंबरदाराच्या हातून जायचा, पण मालगुजाराचं लगान त्याला नसायचं. लोक मकबूजाला मौरूसी समजतात आणि घरच्या मालकीच्या जमिनीला कुळाची म्हणून मोकळे होतात.

माती: कन्हार काळी, भारी, खोल. मोरंड काळसर, चुनखडी मिसळलेली. खरडी त्याहून हलकी, बरडी गोट्याची. सिहार पिवळसर, रेताड, धानाच्या बांधीची (बांध घातलेल्या शेताची). आपल्याकडं धानाला सिहारच रुचते, म्हणून ती नोंद हलकी समजून सोडू नका.

वऱ्हाडी माती (दर्यापूर):

पाचव्या प्रश्नात फसू नका दादा. २.२० म्हणजे दोन एकर वीस डिसमल. नागपूर-भंडारा-चांद्याकडल्या (चंद्रपूरकडल्या) मिसलीत एकराचे १०० डिसमल धरत, अन् आमच्या वऱ्हाडात ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे अडीच डिसमल, म्हणून तुमचे २० डिसमल फक्त ८ गुंठे होतात. तुम्ही वीस गुंठे धरले तर बारा गुंठे फुकटचे वाढले. याच्यावरून भांडणं होतात बाप्पा.

याचं कारण इतिहासात आहे. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांकडं आलं अन् तिथं मुंबईकडल्यासारखी रयतवारी बसवली. मालगुजार हा मधला माणूसच नाही. म्हणून अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळच्या कागदात सीर-मकबूजा शोधू नका. तिथं सर्वे नंबर, खातेदार, आकार (ठरलेला सारा). १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं, पण जमिनीची पद्धत वेगळीच राहिली. वर्धा नदीच्या अलीकडची सोयरिक पलीकडं असली तर दोन्ही गावचे कागद एका मापानं मोजू नका.

मोहफूल:

सगळ्यांचे लय आभार. हिस्स्यांची बेरीज केली, १३ आणे ४ पै येते. म्हणजे २ आणे ८ पैचं पान गेलं. बस्त्यात "वाजिब-उल-अर्ज" नावाची वेगळी तीन पानं आहेत, त्यात नंबर-क्षेत्र काहीच नाही. ठेवायची गरज आहे का? अन् आजोबा-पणजोबांच्या जन्माची नोंद मिसलीत सापडते काय?

पांदण:

ताई म्हणून सांगते, ती तीन पानं सगळ्यात आधी जपा! खसऱ्याची (शेतांच्या नंबरवार तक्त्याची) नक्कल कोणीही काढतो, वाजिब-उल-अर्ज कोणी मागत नाही, आणि गाव कसं चालत होतं ते तिथंच लिहिलेलं असतं. तलावाचं पाणी कोणत्या बांधीतून पुढं जायचं, ढोरं कुठून न्यायची, पांदण (शेतरस्ता) कोणाच्या धुऱ्यावरून (बांधावरून), मासे कोणी धरायचे, गावाचा रिवाज म्हणून हे नोंदवून ठेवलेलं आहे. त्याचा सोबती निस्तार पत्रक: चराई, जळाऊ लाकूड, मुरूम, माती, रेती, गोटे गावानं कुठून आणि कशा अटीवर घ्यायचे.

हे नुसतं जुनं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये आजही आहे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मात्र गावाचा निस्तार संपला नाही. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा लावायचा असला तरी हेच कागद पुरावा म्हणून जोडतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला.

तक्त्यात "झुडपी जंगल" शब्द आला तर तो खसरा नंबर वेगळा लिहून ठेवा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ही महसुली नोंद आहे, आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती जमीन वनजमीन धरली.

जन्माची नोंद मिसलीत नसते. त्यासाठी कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, त्यावरून ती वही भरली जाई. त्यात बाळाचं नाव शोधत बसू नका, बारसं व्हायच्या आधीच नोंद पडायची. बापाचं नाव, जात, "मुलगा" किंवा "मुलगी", एवढंच. म्हणून आधी घरच्या सगळ्या भावंडांची अंदाजे वर्षं आणि बापाचं त्या काळी चालणारं नाव काढा, मग त्या सालांच्या अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षं पहा.

दफ्तर:

गहाळ पानासाठी: अर्जात आजचा तालुका लिहून थांबू नका, जुनी तहसील आणि जिल्हाही लिहा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून निघाला, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून, आणि चंद्रपूरचं जुन्या कागदात "चांदा". अर्जुनी-मोरगावकडचं गाव असलं तर ते साकोली तहसिलीच्या गठ्ठ्यात बांधलेलं असतं. मौजा, बंदोबस्त नंबर, पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं), आणि हवा तो भाग नाव घेऊन: "खेवट" हवा, कारण हिस्सेदारांचे आणे खेवटात असतात. फक्त "मिसल" मागितली की खसऱ्याचं एक पान हातात देतात.

एकाच नावाची दोन गावं असतील तर "बुजरूक" की "खुर्द" तेही लिहा. मोडीत "बु॥" असं आखूड लिहितात, आणि त्या दोन रेघा आठ आण्यांच्या नव्हेत.