मदत हवी आहे: टॅलीची एफ-बटणं एका हाताने चालायला हवीत

नमस्कार मंडळी,

कोथरूड-कर्वेनगर भागातल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब मी घरून लिहिते. दिवसभर टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल उघडं असतं. सभासदांना द्यायच्या सूचना आणि पत्रं मराठीत असतात, त्यासाठी वर्ड. जुना डेस्कटॉप काढून नवा लॅपटॉप घेतला आणि वरच्या एफ-बटणांपाशी काम अडायला लागलं.

एफ५ दाबलं की पेमेंट व्हाउचर उघडायला हवं, तर स्क्रीनचा उजेड कमी होतो. एफ८ दाबलं की विमान मोड लागतो आणि इंटरनेट जातं. खरं एफ५ हवं असेल तर डावीकडे खाली असलेलं एफएन बटण धरून मग एफ५ दाबायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण विचारपूस केली तेव्हा कळलं की हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर अशीच रचना असते.

"मग एफएन धरून दाबा की" असं दोघातिघांनी सांगितलं. त्यांना अडचण कळत नाही, म्हणून एन्ट्री कशी चालते ते जरा सविस्तर लिहिते. डावा हात व्हाउचरच्या गठ्ठ्यावर असतो. पावतीपुस्तक उघडं धरायचं, अंगठ्याने पान उलटायचं, स्थळप्रत पुसट असेल तर ती उजेडाकडे तिरकी करायची. उजवा हात आकड्यांच्या पॅडवर. एफ६ दाबून रिसीट, फ्लॅट नंबर, रक्कम, चेक नंबर, एंटर. मग एखादं वीजबिल येतं, एफ५. बँकेतून रोख काढलेली असेल तर एफ४. महिनाअखेरीच्या तरतुदी एफ७ वर. नजर कागदावर असते, स्क्रीनकडे क्वचित. या लयीत एका सोसायटीचा महिना एका बैठकीत उरकतो. दर व्हाउचरला एफएन धरायचं म्हणजे डाव्या हातातलं पुस्तक खाली ठेवायचं. पान मिटतं, जागा हरवते आणि एक पावती सुटली की बँकेचा ताळा जुळत नाही.

३१ मार्चला वर्ष संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे मधले महिने ऑडिटच्या घाईचे. तोवर हे मार्गी लागायला हवं.

आणखी दोन गोष्टी याच बटणांच्या आहेत. एक्सेलमध्ये मी एफ२ सतत वापरते, सेलमध्ये शिरून दुरुस्ती करायला. शेजारचं एफ१ चुकून लागतं आणि मदतीची पट्टी उघडते. फक्त एक्सेलपुरतं एफ१ बंद करता येईल का? टॅलीत मात्र ते राहू दे. आणि वर्डमध्ये सोसायटीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता असा तीन ओळींचा मजकूर एका बटणावर आणता येईल का? प्रत्येक सोसायटीचा वेगळा असतो आणि दरवेळी जुन्या पत्रातून उचलावा लागतो.

विंडोज ११ आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, पहिला प्रश्न सोपा आहे. एस्केपच्या बटणावर बारीक कुलूप किंवा "एफएन लॉक" छापलंय का पाहा. लेनोवो, डेल, आसूसच्या बऱ्याच मॉडेलवर एफएन धरून एस्केप एकदा दाबलं की सगळी रांग उलटते. मग एफ५ म्हणजे एफ५ आणि उजेडासाठी एफएन. पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत.

तसं नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावं लागेल. विंडोजमधूनच जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत एचपीवर "अ‍ॅक्शन कीज मोड", लेनोवोच्या आयडियापॅडवर "हॉटकी मोड", डेलवर "फंक्शन की बिहेवियर" अशा नावाची ओळ असते. एचपी आणि आयडियापॅडवर ती "डिसेबल्ड" करायची, डेलवर "फंक्शन की" निवडायचं.

मात्र त्याआधी एक काम नक्की करा. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) बहुधा आपोआप चालू असतो आणि बायोसला हात लावला की तो कधीकधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवून घ्या, मगच आत जा. लोकांच्या सोसायट्यांचा डेटा आहे, म्हणून आग्रहाने सांगतोय. टॅलीचा बॅकअपही पेन ड्राइव्हवर घ्या.

आणि एफएन बटण सॉफ्टवेअरने बदलायच्या मागे लागू नका. ते कीबोर्डच्या आतच हाताळलं जातं, विंडोजपर्यंत सहसा पोचतच नाही.

प्रतिसाद

वरच्यांना +१. एक साधा उपायही आहे: बाहेरून जोडायचा, वायरचा, साधा मोठा कीबोर्ड. त्यावर बहुतेक वेळा एफएन नसतंच. आकड्यांचं पॅड पूर्ण आकाराचं मिळतं आणि मनगटही सरळ राहतं. दिवसभर एन्ट्री करणाऱ्याने लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर काम करूच नये असं माझं ठाम मत आहे.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद. एस्केपवर कुलूप नव्हतं. रिकव्हरी की लिहून घेतली, बायोसमध्ये ती ओळ सापडली, बदलली. आता एफ५ सरळ पेमेंट उघडतं. कीबोर्डचंही मनावर घेतलंय.

एक्सेलचं एफ१ आणि वर्डचा मजकूर राहिला. आणि आता एक लोभ सुटलाय. उजवा हात आकड्यांच्या पॅडवरून उचलून वर एफ६ पर्यंत न्यावा लागतो, तेवढंही वाचवता येईल का? पॅडवरचं गुणाकाराचं बटण मी टॅलीत कधीच वापरत नाही.

प्रतिसाद

मी टॅली शिकवते, म्हणून आधी एक विनंती. एफ४ ते एफ९ यांची आपापसांत अदलाबदल करू नका. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस हा क्रम टॅली येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत बसलेला असतो. उद्या ऑडिटरच्या ऑफिसातला मुलगा तुमच्या मशीनवर बसला आणि त्याने एफ५ दाबल्यावर रिसीट उघडली, तर चुकीच्या बाजूला नोंद पडेल आणि ती शोधायला तुम्हालाच बसावं लागेल. जादा बटण खुशाल लावा, मूळ तसंच ठेवा.

तारखेसाठी एफ२ आणि रिपोर्टचा कालावधी बदलायला आल्ट-एफ२ तुम्हाला ठाऊक असेलच. नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीच्या खालच्या तपशिलात, कंट्रोल-आर दाबून बघा, आधीचं नॅरेशन पुन्हा येतं. "मेंटेनन्स मिळाला, चेक क्र." एवढं दरवेळी टाइप करायला नको, फक्त नंबर बदलायचा.

प्रतिसाद

वर्डचं मी सांगतो. नारायण पेठेत आमचं मराठी अक्षरजुळणीचं काम आहे, हे रोजचं आहे. यासाठी कुठलंही बटण बदलायची गरज नाही, वर्डमध्ये सोय आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात.

तीन ओळींचा मजकूर एकदा नीट टाइप करा, निवडा आणि आल्ट-एफ३ दाबा. एक चौकट येते, त्यात छोटं नाव द्या, सोसायटीच्या नावाची दोन-तीन अक्षरं पुरेत. नंतर कुठल्याही पत्रात ती अक्षरं टाइप करून लगेच एफ३ दाबा, पूर्ण मजकूर उमटतो. फॉन्टची मांडणी, ठळकपणा सगळं तसंच येतं. प्रत्येक सोसायटीला वेगळं नाव द्या. वर्ड बंद करताना "बिल्डिंग ब्लॉक्स" साठवू का असं विचारेल, त्याला हो म्हणा, नाहीतर सगळं जाईल.

शिफ्ट-एफ५ सुद्धा लक्षात ठेवा. लांबलचक इतिवृत्तात वरचा एखादा ठराव वाचायला गेलात की शिफ्ट-एफ५ ने शेवटची दुरुस्ती केली त्या जागी परत येता. एफ४ ने आधीची क्रिया पुन्हा होते: एका मथळ्याला रंग दिला, दुसऱ्या मथळ्यावर जाऊन एफ४. शिफ्ट-एफ३ ची फार स्तुती ऐकाल, पण ते इंग्रजीतली लहान-मोठी लिपी बदलतं. देवनागरीत त्याचा उपयोग नाही.

तुमचा एका हाताचा मुद्दा मला फार पटला. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर एफ-बटणं दहा होती आणि ती डाव्या बाजूला, पाच-पाचच्या दोन उभ्या रांगांत होती. डावा हात कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-बटणं एकट्याने दाबू शकायचा. पुढे त्याच दशकात आयबीएमने मोठा कीबोर्ड काढला, त्यात ती बारा झाली आणि वर आडवी गेली. वर्डपरफेक्ट या त्या काळच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना एफ-बटणांभोवती ठेवायची छापील पट्टी आठवत असेल: कुठल्या बटणाने काय होतं, नुसतं आणि शिफ्ट, आल्ट, कंट्रोलबरोबर. तुम्हीही तशी कागदाची पट्टी करून टॅली, एक्सेल, वर्ड अशा तीन ओळी लिहा आणि कीबोर्डच्या वर चिकटवा. फार उपयोग होतो, विशेषतः मदतीला कोणी नवीन येणार असेल तर.

प्रतिसाद

एफ१ आणि गुणाकाराच्या बटणाबद्दल. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज मोफत आहे, त्यात बटणांची कामं बदलणारा कीबोर्ड मॅनेजर आहे. वापरायला सोपं, पण त्याची एक मर्यादा तुमच्या नेमकी आड येते: दोन-तीन बटणांचे शॉर्टकट एखाद्या सॉफ्टवेअरपुरते बदलता येतात, एकटं बटण बदललं की ते सगळीकडे बदलतं. एफ१ बंद केलंत तर टॅलीतही बंद.

म्हणून तुम्हाला ऑटोहॉटकी लागेल. हेही मोफत. कुठलं बटण कुठे काय करेल ते साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं असतं. आवृत्ती २ घ्या, कारण नेटवरच्या जुन्या उदाहरणांची लिखावट वेगळी आहे आणि ती इथे चालत नाहीत. फाइलमध्ये आधी "हॉटइफ" ची ओळ, म्हणजे पुढचं फक्त एक्सेलची खिडकी समोर असताना लागू. खालच्या ओळीत मूळ बटण, दोन कोलन, हवं ते बटण. तुमच्या बाबतीत डावीकडे एफ१, उजवीकडे एफ२. बंद करण्यापेक्षा हे बरं, चुकून एफ१ लागलं तरी तुम्हाला हवं तेच होईल. मग दुसरी हॉटइफची ओळ टॅलीसाठी आणि तिच्याखाली पॅडवरचं गुणाकाराचं बटण, उजवीकडे एफ६. पॅडवरच्या गुणाकाराला वेगळं नाव आहे, त्यामुळे वरच्या आठाच्या बटणावरची फुली शाबूत राहते.

आधी टॅलीत एक सरावाची कंपनी उघडून तिथे बघा. आणि सूत्र लिहिताना एफ९ ला जपा: एक्सेलमध्ये सूत्राचा भाग निवडून एफ९ दाबलं की त्या जागी थेट आकडा बसतो. फक्त बघायचं असेल तर नंतर एस्केप, एंटर नाही.

धागाकर्ती

वर्डचं एफ३ अप्रतिम आहे. सगळ्या सोसायट्यांची नावं भरून ठेवली. कागदाची पट्टीही केली.

ऑटोहॉटकीचं अर्धं जमलं. एक्सेलमध्ये एफ१ आता एफ२ सारखं चालतं. टॅलीत मात्र गुणाकाराचं बटण काहीच करत नाही. फाइल दोनदा तपासली, टॅलीचं नाव बरोबर आहे. टॅली समोर असताना जणू ती फाइल चालूच नाही. कशामुळे असेल?

प्रतिसाद

टॅलीच्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी बघा. "रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" वर खूण आहे का?

धागाकर्ती

हो, आहे. टॅली टाकून देणाऱ्याने तशी ठेवलेली दिसते.

प्रतिसाद

मग तेच कारण. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या परवानगीने चालणारी फाइल बटणं बदलू शकत नाही. विंडोज सुरक्षेसाठी ते अडवतं. पॉवरटॉइजलाही हाच नियम आहे.

दोन मार्ग आहेत. ती खूण काढून टॅली साधी चालते का पाहा. डेटा सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये असेल तर लिहिताना अडेल. डी ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर बहुधा अडचण येणार नाही. मी हाच मार्ग आधी करून बघेन, कारण रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी देऊन ठेवणं तसंही चांगलं नाही.

ते जमलं नाही तर ऑटोहॉटकीची फाइलच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून तशी चालणार नाही. टास्क शेड्यूलरमध्ये नवीन टास्क करा, लॉग ऑन झाल्यावर सुरू होईल असं ठेवा आणि "रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस" वर खूण करा.

धागाकर्ती

डेटा डी ड्राइव्हवर होता. खूण काढली, टॅली नीट उघडते, एन्ट्री सेव्ह होते. सरावाच्या कंपनीत गुणाकाराचं बटण दाबलं आणि रिसीट उघडली. डावा हात पावतीपुस्तकावरच होता. भागाकाराच्या बटणावर एफ५ लावणार होते, पण नॅरेशनमध्ये फ्लॅट नंबर लिहिताना पॅडवरची तिरकी रेघ लागते, म्हणून ते तसंच ठेवते. वजाबाकीचं मोकळं आहे, त्यावर लावते.