आंबे भेटतील की मिळतील?

कातळावरची कलमं:
देवगड तालुक्यात आमची कलमं आहेत, फार नाहीत, एकशेवीसच्या आसपास. तोडणी बाबा बघतात, व्हॉट्सॲप माझ्याकडे. मार्च लागला की सुरू: "पाच डझनी पेटी भेटेल का?" "कच्चे भेटतील की पिकलेले?" परवा असाच एक मेसेज मी मोठ्यानं वाचला. बाबा झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या काठीची, जाळी शिवत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "आंबो काय पावणो हा भेटूक?" मग जाळी शिवून होईपर्यंत ऐकून घेतलं: माणूस भेटतो, वस्तू मिळते, हरवलेलं सापडतं.

मी हसलो खरा. पण गेल्या हंगामात एकानं लिहिलं होतं, "शनिवारी भेटेल". प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. हल्ली लोक 'मी येईन'च्या जागी 'मी येईल' म्हणतात, म्हणून मला वाटलं, हा भेटायला येतोय. आईनं घावणे घातले. आणि तो गृहस्थ तिकडे कोल्हापुरात पेटीची वाट बघत! पेटी आमच्या पडवीत. सोमवारी निघाली तोवर वरचा थर मऊ पडलेला. पैसे परत केले, वर चार शब्द ऐकले.

तर हे खरंच वाईट की फक्त बाबांच्या कानाला खुपतं?

पाखाडी:
बाबांचं बरोबर, पण ऐकतंय कोण? मी रत्नागिरीचा. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा त्यांचा आग्रह सगळ्यांना ठाऊक. दिनांक, क्रमांक हे त्यांनी दिलेले शब्द. दोन्ही सरकारी फॉर्मवर पक्के बसले. आमच्या घरात मात्र अजून "आज तारीख काय?" असंच विचारतात. आणि तुमचा हापूस तरी कुठला? पोर्तुगिजांच्या अफोन्सोचा. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. (की भेटलं?)

कातळावरची कलमं:
हापूसवर माझा राग असेल कसा, त्याच्यावर तर जेवतो. पगार, चावी, बटाटा, सगळे तिकडूनच आले, येऊ देत. माझं दुखणं बाहेरून आलेल्या शब्दाचं नाहीच. भेटणं घरचंच आहे. घरात तीन भांडी असताना दोन माळ्यावर टाकून एकातच चहा, आमटी आणि आंघोळीचं पाणी, हे खटकतं.

निवृत्त कारकून, अलिबाग:
'भेटेल' एकवेळ चालवून घेईन. 'मी येईल' नाही.

वेंगुर्ल्याची चेडू:
एक विचारू? तुमचे बाबा घरात काय बोलतात? आमच्याकडे चावी गावली, नोकरी गावली, बाजारात आंबे गावले. आणि "तो माका एस्टीत गावलो", म्हणजे माणूससुद्धा! मिळणं, सापडणं, भेटणं, तिन्ही एका 'गावणा'त. आमच्या आजीचा जन्म त्यावर गेला, कुणाची पेटी चुकली नाही. एक शब्द तीन कामं करतो म्हणून भाषा बिघडते म्हणाल, तर आमची मालवणी कधीच बिघडलेली. तुमचा घोटाळा झाला तो कर्ता गाळल्यामुळे. 'पेटी' एवढा शब्द त्यानं लिहिला असता तर घावणे वाचले असते.

कातळावरची कलमं:
घावणे वाया नाही गेले, आम्हीच खाल्ले. पण 'गावलो'चं मला सुचलंच नव्हतं. आज सकाळी बाबांना विचारलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ता घरातला बोलणा. ता वेगळा." आणि झेला खांद्यावर टाकून कलमांत गेले.

मी आता उत्तरात नेमानं "हो, पेटी मिळेल" लिहितो. त्यावर लगेच येतं, "ओके, कधी भेटेल?"