फोर बाय फोर विकताना : आधी आरसी, मग किल्ली

'फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे आरटीओचे अर्ज) सह्या करून गाडी देऊन टाका, बाकी घेणारा बघेल' असा सल्ला कुणी दिला तर कृपया मानू नका. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) तुमचं नाव असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ देऊन आधी उतरवा, सौदे बहुतेक इथेच अडकतात.

आणि थार, जिमनीसारखी गाडी दाखवताना फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावून कोरड्या डांबरावर वळवू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच, म्हणजे मधलं डिफरन्शियल, यात नसतं, पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. गाडी अडखळते आणि घेणाऱ्याला वाटतं बिघाडच आहे. मातीचा तुकडा शोधा. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून फोर-लो (कमी वेग, जास्त ओढ देणारा फोर-व्हील गिअर) लावा. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरन्शियलच्या ऑइलची बिलं हाताशी हवीत. ऑइल दुधाळ झालंय का, म्हणजे पाणी शिरलंय का, हे जाणता माणूस हमखास बघतो. नो क्लेम बोनसचं (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र विमा कंपनीकडून स्वतःसाठी घ्या, तो गाडीबरोबर जात नाही.