मागच्या चाकांचा कॅम्बर: बीम कापू नये, शिम वापरावी

गाडीचा मागचा बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा दांडा) कापून, त्यात सरकत्या पट्ट्या वेल्ड करून कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा आत-बाहेर कल, कमी-जास्त करण्याची सोय करावी, अशी एक सूचना आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ट्विस्ट बीम, म्हणजे पीळ घेऊ शकणारा बीम, असतो. वळणावर तो पीळ खात असल्यामुळे वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर झालेल्या जागी त्याला तडा जाण्याचा धोका मोठा असतो, आणि घाट उतरताना तो गेला तर सावरायला वेळ मिळत नाही.

अनेक गाड्यांत स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) बीमच्या टोकाच्या सपाट पट्टीला, म्हणजे फ्लँजला, चार बोल्टांनी बसवलेला असतो. त्या दोहोंमध्ये निमुळती शिम (एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी धातूची चकती) घातली की काम होते. बोल्टांचे उभे अंतर 100 मिलिमीटर असेल, तर एका अंशासाठी शिमच्या जाडीत वर-खाली सुमारे 1.75 मिलिमीटर फरक लागतो. ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणे) कमी करायचा असल्यास जाड बाजू वर ठेवावी.

मात्र आधी मोजणी करून घ्यावी. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट रोज चढणाऱ्या माझ्या गाडीच्या मागच्या टायरची आतली कड बोट फिरवताच करवतीसारखी लागत होती. मी कॅम्बरला दोष देत होतो. अलाइनमेंट केल्यावर खरा दोष ‘टो’चा, म्हणजे वरून पाहता चाक सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा, निघाला, आणि तो शिमनेच, जाड बाजू पुढे-मागे वळवून, सुधारता आला.

मूळ बोल्टांपेक्षा शिमच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट घ्यावेत, ते टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरचे अंतर पुन्हा तपासावे.