मदत हवी आहे: कुणावरच विश्वास बसत नाही, सुरुवात कुठून करू?

नमस्कार.

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. काल जे झालं त्यामुळे लिहायला बसले, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या विभागात एक मुलगी नवीन आहे, वर्ष झालं असेल तिला. काल अंगात कणकण होती तरी मी कामावर गेले होते. ती जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, शेवटचे दोन रिपोर्ट मी भरते, तुम्ही घरी जा." आणि माझ्या तोंडून निघालं, "यात तुझा काय फायदा?" ती काही बोलली नाही. हातातली फाईल परत माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. रात्रभर तिचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलला नाही. मी असं बोलणारी बाई नव्हते हो.

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, एकोणीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी एक लॉट, म्हणजे मालाची एक खेप, तपासणीत नापास झाला. मी तसा शेरा लिहिला. साहेब येऊन म्हणाले, "डिस्पॅच अडलंय, जाऊ दे. ग्राहकाशी माझं बोलणं झालंय, जबाबदारी माझी." सगळं तोंडी. मी शेरा बदलून सही केली, आणि ती चूक माझीच, ती मी नाकारत नाही. महिन्याभरात तक्रार आली तेव्हा साहेबांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं की असं काही मी बोललोच नाही. मेमो मला मिळाला, होऊ घातलेली बढती गेली.

पण मनाला लागलं ते वेगळंच. साहेब बोलले तेव्हा माझी सहकारी शेजारीच उभी होती. बारा वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं. तिची आई आजारी होती तेव्हा तिच्या रात्रपाळ्या मी केल्या. चौकशीत तिला विचारलं तर म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." साहेबांचं खोटं मी एकवेळ विसरेन. हे तीन शब्द विसरता येत नाहीत.

पुढच्या वर्षी पैशांचं प्रकरण झालं. शाळेपासूनची मैत्रीण एका गुंतवणूक योजनेत होती, तिच्या शब्दावर मीही पैसे घातले. परतावा फार मोठा नव्हता, पण ठरलेल्या तारखेला यायचा. आठ महिने एकदाही तारीख चुकली नाही आणि त्या न चुकण्यावरच मी भाळले. नवव्या महिन्यात ॲप उघडेना, फोन लागेना. माझ्या अकरा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम गेली. मैत्रिणीची त्याहून जास्त गेली. तरीही मी तिच्याशी बोलत नाही.

तिसरी गोष्ट सांगायला सगळ्यात जड जाते. नंतर एक फोन आला: "तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो." त्यांना योजनेचं नाव माहीत होतं, रक्कम अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत माहीत होती. फक्त आधी शुल्क भरायचं होतं. मी भरलं. मग "कर" म्हणून पुन्हा भरलं. नवऱ्याला हे मी चार महिन्यांनी सांगितलं.

आता माझं असं झालंय की सख्ख्या भावाने "पैसे पाठवलेत" म्हटलं तरी मी त्याच्याकडे स्क्रीनशॉट मागते. कुणी गोड बोललं की आधी पोटात गोळा येतो. लोक म्हणतात, ठेच लागली, शहाणी झालीस. मला हे शहाणपण वाटत नाही. मी दिवसभर पहाऱ्यावर उभी असते आणि संध्याकाळी काही न करता दमलेली असते.

"माणसं पारखून घ्यावीत" हा सल्ला जो तो देतो. पण पारखायची कशी? मी वाचलं की २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी खोटं ओळखण्याबद्दलचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तर खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. मग माझ्यासारखीने कशाच्या भरवशावर ठरवायचं?

कुणी यातून गेलं असेल तर प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा. "काळ हे औषध" एवढंच कृपया नको, दोन वर्षं तेच घेतेय.

प्रतिसाद: उंबरठा

ताई, आधी तातडीचं. बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो तो दुसरा चोर असतो, किंवा पहिलाच नाव बदलून आलेला. फसलेल्या लोकांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात, म्हणून त्याला तुमचा आकडा माहीत होता. असे फोन अजून येतील. उशीर झाला असला तरी दोन्ही प्रकरणांची तक्रार पोलिसांत आणि बँकेत लेखी द्या. नंबर, पावत्या, मेसेज यातलं काहीही डिलीट करू नका.

आणि लाज बाळगू नका. अमेरिकेत गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफला डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली. त्याचंही आमिष हेच होतं: डोळे दिपवणारा नफा नव्हे, वर्षानुवर्षं न हलणारा. बँका अडकल्या, नोबेल मिळालेल्या एली वीझेल यांची संस्था अडकली. अमेरिकेच्या नियामकांकडे आधीपासून तक्रारी होत्या, त्यांनी चौकशीही केली आणि तरी त्यांना घोटाळा दिसला नाही. ज्यांचं कामच तपासण्याचं, त्यांचीही ही गत.

झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर समुपदेशकाकडे जा. हे मी स्वतः केलं आहे, उगाच सांगत नाही.

प्रतिसाद: मोजपट्टी

तुम्ही क्वालिटीतल्या, मीही त्याच लाइनमधला, म्हणून आपल्याच भाषेत बोलतो.

सॅम्पलिंगचे, म्हणजे थोडे नग तपासून अख्खा लॉट पास-नापास ठरवण्याचे, स्विचिंग रूल्स आठवा: तपासणी कडक कधी करायची आणि पुन्हा साधी कधी. आधी अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड १०५ मध्ये होते, आता आयएसओ २८५९ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. एखाद्या पुरवठादाराच्या लागोपाठच्या पाच लॉटमधले दोन नापास झाले की त्याला कडक तपासणीवर टाकायचं. मग लागोपाठ पाच लॉट पास झाले की पुन्हा साध्या तपासणीवर आणायचं. हे तुम्ही एकोणीस वर्षं करत आहात.

आता तुमच्याच पोस्टकडे त्या नजरेने बघा. नापास झाला तुमचा साहेब, आणि कडक तपासणीवर गेला तुमचा भाऊ! ती नवीन मुलगीसुद्धा, जिचा एकही लॉट आजवर नापास झालेला नाही. शिवाय तुम्ही परत येण्याचा नियमच ठेवलेला नाही. वीस लॉट पास झाले तरी कडक ते कडकच. कारखान्यात असं केलं तर सहा महिन्यांत एकही पुरवठादार दारात उभा राहणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खराब माल घेतला तर तक्रार येते, ती चूक कळते. चांगला माल नाकारला तर ग्राहकाकडून काही ऐकू येत नाही, माल फक्त परत जातो. उत्पादकाची जोखीम म्हणतात ती हीच. माणसांचंही तसंच असतं. फेट्चनहाउअर आणि डनिंग या संशोधकांनी २०१० मध्ये हे मांडलं: लोकांना पैशांच्या एका खेळात अनोळखी माणसावर विश्वास टाकायचा होता, आणि समोरचे किती जण प्रामाणिक निघतील याचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी होता. कारण उघड आहे. विश्वास टाकून फसलो तर लगेच समजतं. विश्वास टाकलाच नाही तर समोरचा खरा होता की नाही हे कधीच समजत नाही, आणि आपल्याला वाटत राहतं की आपण वाचलो.

म्हणून माझा सल्ला: नाकारलेल्या मालाचीही नोंद ठेवा. काल त्या मुलीला नाकारलंत, ती नोंद क्रमांक एक.

एक मात्र नक्की. पैसा आणि सही या दोन ठिकाणी कडक तपासणी कायम असू द्या, सगळ्यांसाठी, माणूस कितीही जवळचा असला तरी. तोंडी आदेश आला की "साहेब, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून लगेच दोन ओळींचा मेल टाकायचा. ती रीतच असली की त्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि त्या दोन जागा बंदोबस्तात असल्या की बाकी ठिकाणी सैल राहता येतं.

प्रतिसाद: पानगळ

मैत्रिणीबद्दल थोडं. १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी माणूस विश्वासाला पात्र कशामुळे ठरतो याचे तीन भाग केले होते: त्या कामाची जाण, आपल्याबद्दलचा सद्भाव आणि सचोटी. मला हे फार उपयोगी पडलं, कारण एक भाग कमी निघाला म्हणून माणूस अख्खा टाकून देण्याची माझी सवय होती.

तुमच्या मैत्रिणीचा सद्भाव कुठे कमी पडला? स्वतःचे जास्त पैसे तिने तिथेच ठेवले होते. जाण नव्हती, तुम्हालाही नव्हती. पैशांबाबत तिचा सल्ला पुन्हा घेऊ नका. पण रात्री बारा वाजता रडू आलं तर फोन कुणाला कराल?

सहकारी मला वेगळी वाटते. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली. तिथे माफ करण्याची घाई मी केली नसती.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजपट्टी, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. "कडक तपासणीवर गेला तुमचा भाऊ" इथे दर वेळी थांबले. एकोणीस वर्षं हे नियम मी नव्या मुलांना शिकवते आहे आणि ते घरी लावून बघावेत असं एकदाही सुचलं नाही.

चार दिवसांत जे झालं ते लिहिते. तक्रार दिली. पैसे परत मिळतील असं वाटत नाही, पण सगळे कागद तारखेनुसार लावताना पहिल्यांदाच ती गोष्ट माझ्या डोक्याबाहेर, टेबलावर पडलेली दिसली. भावाने काल पुन्हा पैसे पाठवल्याचं सांगितलं, मी "बरं" म्हणाले. स्क्रीनशॉट मागितला नाही. एक तास चैन पडलं नाही, मग पैसे आले. भावाचा लॉट क्रमांक एक, पास.

त्या मुलीला मी बाजूला घेऊन सांगितलं की परवा मी चुकीचं बोलले, तुझा त्यात काही दोष नव्हता. ती "ठीक आहे मॅडम" म्हणाली, जरा जपूनच. आता मी तिच्या कडक तपासणीवर आहे आणि ते योग्यच आहे. आज शेवटचा एक रिपोर्ट तिला भरायला दिला. न तपासता सही केली नाही, सही ही सहीच. पण तिच्यासमोर बसून तपासला आणि चांगला झालाय हे तिला सांगितलं.

मैत्रिणीचा नंबर दोनदा काढला आणि ठेवून दिला. पानगळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीच आहे, ते मला माहीत आहे. पण दोन वर्षं मी तिचे फोन उचलले नाहीत, शेवटचा आला त्यालाही आठ महिने झाले. तिच्याकडून पाहिलं तर नापास झालेला लॉट माझा आहे. अशा वेळी पहिलं वाक्य काय बोलावं? कुणी इतक्या दिवसांनी असा फोन केला असेल, किंवा कुणाला असा फोन आला असेल, तर सांगा. रविवारी करायचं ठरवते आहे.