मदत हवी आहे: पीईईके आणि हायड्रॉक्सीॲपटाइट यांचे मिश्रण ठिसूळ होते

नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेत पॉलिमरवर संशोधन करीत आहे. पाठीच्या कण्यात दोन मणक्यांच्या मध्ये बसवल्या जाणाऱ्या केजसाठी (मणक्यांमधील आधारासाठी) वापरले जाणारे पॉलिइथर इथर कीटोन, म्हणजे पीईईके हे प्लास्टिक, हाडाशी अधिक घट्ट जुळेल असे करणे हा माझा विषय आहे. पॉलिमर, सिरॅमिक किंवा अस्थिरोग या क्षेत्रांतील जाणकारांनी पुढील अडचणीबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा लवचिकता गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल असतो, तर हाडाच्या बाहेरील कठीण थराचा साधारण १० ते २०. इतका ताठ धातू शेजारी असला की बराचसा भार तोच उचलतो आणि काम न उरलेले हाड विरळ होत जाते. पीईईकेचा गुणांक ३ ते ४ गिगापास्कल आहे. शिवाय ते क्ष-किरणांना अडवत नसल्यामुळे हाड जुळले की नाही, हे शल्यविशारदांना नीट पाहता येते. मात्र शरीरात ते कमालीचे निष्क्रिय राहते. हाड त्याला थेट धरत नाही, दोहोंमध्ये बहुधा तंतुमय ऊतीचा पडदा तयार होतो.

म्हणून मी पीईईकेमध्ये हायड्रॉक्सीॲपटाइट या हाडातील मुख्य खनिजाशी जुळणाऱ्या सिरॅमिकची भुकटी मिसळून इंजेक्शन मोल्डिंगने नमुने तयार केले. भुकटीचे प्रमाण वाढवले की ताठरपणा अपेक्षेप्रमाणे वाढतो, पण ताणशक्ती घसरते आणि नमुना जवळजवळ न ताणताच तुटतो. तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला असता कण आपापल्या खोबणीतून स्वच्छ निघून आलेले दिसतात, म्हणजे पॉलिमरने त्यांना धरलेलेच नाही. दोहोंत रासायनिक बंध नसल्यामुळे हे काहीसे अपेक्षित होते. परंतु काही कणांभोवती बारीक पोकळ्याही आहेत आणि त्यांचे कारण मला उमगलेले नाही.

भुकटी सर्वत्र मिसळण्याऐवजी केवळ पृष्ठभागावर प्रक्रिया करावी, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने पीईईकेवर सच्छिद्र जाळी तयार होते, हे मी करून पाहिले आहे. मात्र छिद्रांत उरलेली गंधकयुक्त द्रव्ये पेशींना मारक ठरू शकतात. प्लाझ्मा (आयनीभूत वायू) प्रक्रियेने पृष्ठभाग जलस्नेही होतो खरा, पण नमुना ठेवून दिला की तो गुण हळूहळू ओसरतो. मला स्वतःला मिश्रणाचा मार्ग अजूनही सोडवत नाही, कारण वरचा थर खरवडला गेला तरी आतले हायड्रॉक्सीॲपटाइट उघडे पडेल. हे म्हणणे कितपत टिकते?

आणखी एक विचारणा. कोकुबो यांच्या पद्धतीने, रक्तद्रवाशी मिळतीजुळती आयन-संहती असलेल्या द्रावणात ३६.५ अंश सेल्सिअसला नमुने ठेवून ॲपटाइट जमते का, हे येथे तपासता येते. पण तेवढ्यावरून हाड वाढेल असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. हाडांच्या पेशींवरील चाचणी गोव्यात किंवा बेळगावात कोणी करून देते का? आगाऊ आभार.

प्रतिसाद

मी वेर्ण्याला प्लास्टिक मोल्डिंगच्या व्यवसायात आहे, वैद्यकीय बाजू मला ठाऊक नाही. पोकळ्यांविषयी मात्र एक शंका आहे. आपण भुकटी वेगळी सुकवता का? पीईईकेचे दाणे १५० अंशांवर किमान तीन तास सुकवण्याची शिफारस सर्वजण पाळतात, पण मिसळायच्या भुकटीकडे दुर्लक्ष होते. बारीक सिरॅमिक भुकटीचे पृष्ठफळ प्रचंड असते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात उघड्या डब्यातील कोणतीही भुकटी ओल धरते. पीईईके ३४३ अंशांना वितळते, मोल्डिंग त्याहूनही वर चालते. त्या तापमानाला ओलीची वाफ होणारच आणि ती कणाभोवतीच अडकणार. भुकटी सुकवून, बंद डब्यातून थेट वापरून पाहावी. कणांची पकड वाढवायची असल्यास सायलेनची (कण आणि पॉलिमर यांना जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया सुचवली असती, पण एवढ्या तापमानाला टिकेल असे सायलेन निवडावे लागेल आणि शरीरात त्याचे काय होते, हे डॉक्टरांनाच विचारावे.

गाभा शुद्ध ठेवून वर टायटॅनियमची प्लाझ्मा फवारणी केलेले पीईईके केज बाजारात आहेत. त्यामुळे आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे मला अधिक पटते. भार गाभ्याने घ्यावा, हाडाशी संबंध पृष्ठभागाने ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. दाणे सुकवत होतो, भुकटी वेगळी नव्हे. ती सुकवून नवे नमुने करतो. फवारलेल्या थराबाबत मात्र शंका उरते. केज मणक्यांच्या मध्ये ठोकून बसवले जाते, आणि त्या वेळी थराचे कण सुटल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झालेली आहेत. अशा ठोक्यांखाली थराची पकड प्रयोगशाळेत कशी तपासावी, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया कळवावे.